कपाळाखालची जमीन

भाद्रपद सरत आला की निलंग्याच्या उन्हाला एक पिवळट, जड रंग चढतो. बऱ्या होत आलेल्या जखमेभोवतीच्या कातडीला येतो तसा. ते ऊन तिसऱ्या प्रहरी मागच्या भिंतीवरून उतरून मेहरूनखालांच्या अंगणात आडवे पसरे, आणि त्याच्या कडेला बसून खाला नमाजाआधी हातपाय धूत. तोटीच्या लोट्यातून पाण्याची बारीक धार मनगटांवर पडे, कपाळावरून हनुवटीकडे ओघळे, कोपरांपर्यंत चढे. ओला तळवा केसांवरून एकदा फिरे. मग एकेक पाऊल पुढे येई आणि बोटांच्या बेचक्यांतून ते पाणी मातीत उतरे. त्या पाण्याला कसलीही घाई नसे. भिंतीच्या अलीकडे वह्या तपासत बसलेली मी तो आवाज ऐकला की हातातले लाल पेन खाली ठेवी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका. मुरुडजवळच्या एका शेतकरी घरातून लग्न होऊन इथे आले, तेव्हापासून खाला माझ्या शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये छातीइतक्या उंचीची एक भिंत आहे, आणि त्या भिंतीवरून इतक्या वर्षांत वाटीभर साखरेपासून मनातल्या मोठमोठ्या दुःखांपर्यंत सगळ्याची ने-आण झाली. त्यांचे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. ते मागेच गेले. मुलगा इमरान नांदेडला औषधांच्या दुकानात कामाला. त्याने आईच्या घरात गुळगुळीत फरशी बसवून दिली, अंगणातही बसवली. पण कडुलिंबाखालची एक पट्टी खालांनी त्याला झाकू दिली नाही. ती चोपून चोपून लोखंडासारखी घट्ट केलेली माती होती. खाला आपला मुसल्ला तिच्या अलीकडे अशा बेताने अंथरीत, की गुडघे चटईवर राहावेत आणि कपाळ मात्र उघड्या जमिनीवर पडावे.

सजद्यात, कपाळ टेकायला जाण्याआधी, त्यांची एक सवय होती. आजाऱ्याच्या कपाळाला लावावा तसा त्या उजवा तळवा क्षणभर मातीवर ठेवीत. मग सावकाश, एखादी भरलेली घागर उतरवावी तशा जपून, सारे शरीर खाली नेत. पांढऱ्या ओढणीखाली त्यांची पाठ पाण्यावर आलेल्या कासवासारखी शांत दिसे. श्वास लांबे. लिंबावरच्या साळुंक्यांचा कलकलाटही तेवढ्यापुरता दूर गेल्यासारखा वाटे. मी धर्माने, भाषेने, वयाने वेगळी. मला त्या शब्दांचा अर्थ कळत नसे. पण शाळेतून येताना मानेत अडकलेली कळ, घरच्या काळज्यांनी छातीत घट्ट झालेली गाठ, त्यांच्या पाठीच्या त्या चढउताराकडे पाहता पाहता सैल होई. त्यांचा श्वास मला लागे, जांभई लागते तसा.

सत्तरीच्या घरातल्या खाला जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठत. गावातले डॉक्टर त्यांच्या गुडघ्यांचे कौतुक करीत. माझ्यासारख्या खुर्चीवर बसणाऱ्या बायकांना त्यांचे उदाहरण देत. साखरेचा आजार त्यांना होता, डावा डोळा त्याने कधीच अधू केला होता. पण चालणे, बोलणे, हसणे यांवर त्याची सावली पडलेली नव्हती. दिवसाचे पाच खांब रोवलेले आणि त्यांवर आयुष्य अंथरलेले, असे ते जगणे मला दिसे. ते खांब कशावर रोवले आहेत, हे मला पुष्कळ उशिरा समजले.

एकदा आम्ही दोघी मुगाच्या शेंगा सोलत बसलो होतो. गावात गणपती विसर्जनाची तयारी चाललेली, कुठेतरी ढोलाचा सराव चालू होता. खालांनी उठून रस्त्याकडचे दार लावून घेतले. दरवर्षी त्या तसेच करीत. मी सहज विचारले, "खाला, त्रास होतो का आवाजाचा?"

त्यांनी सोललेले दाणे सुपात टाकले. मग म्हणाल्या, "ढोलाचा न्हाई ग. ढोल थांबल्यावर जे व्हतं त्याचा."

आणि पहिल्यांदाच त्यांनी नसीमचे नाव घेतले. त्यांची थोरली लेक. आजोळी जायचा हट्ट धरून बसली, म्हणून तिला किल्लारीकडच्या त्यांच्या माहेरच्या गावी धाडले होते. "तिकडं समदी दगडामातीची घरं," खाला सांगत होत्या. "लोक रातच्याला गणपती बुडवून आलते, दमून निजले व्हते. पहाटं जमीन हलली. इथं आमची नुसती भांडी पडली. तिथं गावच न्हाई राहिलं. माझी मायबी त्यात, आन् लेकरूबी."

त्या भूकंपाच्या वेळी मी मुरुडला होते, शाळकरी वयाची. बाज हलली एवढेच मला आठवते, आणि सकाळी रस्त्याने धावणाऱ्या गाड्या. तेवढ्या अंतरावर कुणाचे तरी सारे जग ढिगाऱ्याखाली गेले होते.

"वरसभर मी जमिनीवर धड पाय ठिवला न्हाई," त्या म्हणाल्या. "बाजंवर बसायची, बाजंवर खायची. छताखाली जायला भ्या वाटायचं. डाक्टरनं गोळ्या दिल्या, त्यानं नुसती गुंगी यायची. नमाजला हुबी राहायची, पर सजद्यात डोकं टेकंना. हातभर वर थांबायचं. वाटायचं, हिच्यावर कशी टेकू? हिनंच खाल्लं माझ्या लेकराला."

"मग?"

"मग एक दिस लई राग आला. गेले आन् कपाळ आपटलंच मातीवर. म्हनलं, बोल, कशापायी? आता बोल." त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. "काय बी बोलली न्हाई. गप व्हती. माझ्यासारखीच. मी तशीच पडून राहिले, आन् तिथंच डोळा लागला, सुनंदा. वरसात पहिल्यांदा झोप आली मला."

ढोल थांबला होता. खालांनी मान वर करून क्षणभर कानोसा घेतला, आणि पुन्हा शेंग उचलली.

त्या दिवसानंतर त्यांच्या सजद्याकडे मी पूर्वीसारख्या निश्चिंत मनाने पाहू शकले नाही. जिला आम्ही सारे शांती म्हणत होतो ती खरे तर एक रोजचा तह होता. जिने लेक गिळली तिच्याशी, कपाळाला कपाळ लावून केलेला. तह मोडला तर काय होते, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. तो पाडायला जमीनच पुढे आली.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या तालुक्यात जमिनीतून आवाज येऊ लागले. पहिल्यांदा लोकांना वाटले, कुठे खाणीत सुरुंग उडवला असेल. मग पुन्हा आला. रिकामा टँकर खडकाळ रस्त्यावरून लांबून यावा तसा तो गडगडाट पायांखालून येई, पत्रे थरथरत, मांडणीवरची स्टीलची ताटे एकमेकींना लागून बारीक वाजत, आणि सगळे पुन्हा जिथल्या तिथे होई. साहेब लोक येऊन गेले. यंत्रे लावून गेले. घाबरू नका, असे सांगून गेले. वाळत आलेल्या सोयाबीनच्या शेतांवर ऊन स्थिर उभे असे आणि त्या स्थिरतेचाच आता धसका वाटे. लोकांनी पत्र्यावरचे दगड काढून ठेवले. पुष्कळांनी बाजा अंगणात आणल्या. बोलता बोलता माणसे मध्येच थांबत आणि एकमेकांच्या चेहऱ्यांकडे पाहत.

आमच्या गल्लीतल्या बायका भिंतीशी येऊन खालांना विचारत, "खाला, तुम्ही रोज कान लावताय. काय म्हनतीया जमीन?"

"मला काय ठावं? मी काय टेलिफोन हाय व्हय?" खाला हसून म्हणत. बायकाही हसत. पण मी पाहत होते, सजद्यातला त्यांचा काळ वाढत चालला होता. पूर्वी त्यांची पाठ स्थिर असे. आता ओढणीखाली खांदे ताणलेले दिसत. जमिनीवर टेकलेले कपाळ ऐकत होते. प्रार्थना करणारे शरीर आणि पहारा करणारे शरीर यांतला फरक, एकदा दिसू लागला की, डोळ्यांआड करता येत नाही.

एका सकाळी मी दूध द्यायला गेले, तर त्या माझ्या चेहऱ्याकडे विचित्र निरखून पाहत राहिल्या.

"सुनंदा, तुझ्या तोंडावरून मुंग्या चालल्यात."

मी गालावरून हात फिरवला. काहीच नव्हते. त्यांनी भिंतीकडे पाहिले, आभाळाकडे पाहिले, मग उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि काढला. "तिकडंबी हायत," त्या हलकेच म्हणाल्या. "समदीकडं हायत."

इमरान त्याच दिवशी आला. आम्ही तिघे नांदेडला गेलो. अहमदपूर मागे पडले, लोहा मागे पडले. खाला खिडकीशी बसून बाहेर पाहत होत्या, आणि मधूनच हाताने काहीतरी बाजूला सारीत होत्या. डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या, बोलायला मृदू. चांगल्या डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला आहे, साखरेने नाजूक झालेली रक्तवाहिनी फुटली आहे, असे त्यांनी समजावून सांगितले. "आजी, आता मान ताठ ठेवायची. झोपतानाही उशा उंच. खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. रक्त हळूहळू खाली बसेल, मग आपण पुढचा उपचार करू."

"आणि नमाज?" इमरानने विचारले.

"खुर्चीवर बसून करा की. माझ्याकडचे कितीतरी पेशंट तसेच करतात. डोकं खाली न्यायचं नाही, एवढं पाळा."

"किती दिस?" खालांनी विचारले.

"मी सांगेपर्यंत."

खालांनी समजूतदारपणे मान हलवली. इतक्या सावकाश आणि इतक्या जपून हलवली, की त्या हालचालीतच मला त्यांच्या आज्ञाधारकपणाची भीती वाटली.

इमरानने पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणून अंगणातल्या फरशीवर ठेवली. मशिदीतले मौलाना येऊन दारातूनच सांगून गेले, की आजाऱ्याला सवलत आहे. इशाऱ्याने केलेला सजदाही सजदाच असतो, त्यात कमीपणा नाही. कुणाचेही काही चुकत नव्हते. डॉक्टर बरोबर होत्या, मौलाना बरोबर होते, आईचा डोळा वाचावा म्हणून धडपडणारा मुलगा बरोबर होता.

पहिल्या दिवशी असरला, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाला, मी भिंतीशी उभी होते. खाला खुर्चीवर बसल्या. हात गुडघ्यांवर. सजद्याची वेळ आली तेव्हा त्यांची मान थोडी पुढे झुकली, आणि हवेत थांबली. तिथून त्या पुढे जाईनात, मागेही येईनात. नमाज संपल्यावर त्यांनी माझ्याकडे तोंड केले. उजव्या डोळ्यापुढे अजूनही काळे जाळे हलत असणार, कारण त्या माझ्या थोड्या बाजूला पाहत होत्या.

"हेच ते," त्या म्हणाल्या. "हातभर वर."

त्यानंतरचे दिवस मी कुणाला सांगावेत असे नाहीत. पण सांगितल्याशिवाय खाला पुऱ्या होत नाहीत. त्यांची झोप गेली. उंच उशांना टेकून त्या छताकडे पाहत राहत. मग छताखाली राहवेना, म्हणून बाज बाहेर आली. बाजेवरून पाय खाली सोडताना त्या आधी अंगठा टेकवीत, पाण्याची थंडी अजमावावी तसा. ताटातली भाकरी अर्धी राही. लोट्यातून पडणारी धार वेडीवाकडी होऊ लागली. गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. हा असाच चढता राहिला तर डोळ्याला तोही तितकाच वाईट, असे ते मला बाजूला घेऊन म्हणाले. वाकल्या तरी डोळा जाणार आणि न वाकता भीतीने झुरल्या तरी डोळाच जाणार, अशा दोन दारांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ते म्हातारे शरीर ताठ मानेने बसून होते.

एकदा इमरान आला असताना ती मातीची पट्टी पाहून त्याला शंका आली असावी. तो आईच्या पायांशी बसला. "अम्मी, जिद नक्को करो. आँख गई तो क्या करना?"

"नै करती, बेटा," त्या त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या. "हौ बोली ना मैं."

तो गेल्यावर मला म्हणाल्या, "डाक्टरचं बराबर हाय. मौलानाचं बराबर हाय. पर माझ्या छातीला कोन सांगनार? तिला नुसतं जमिनीचंच पटतंय."

आणि मग तो रविवार आला. दुपार कलली होती. मी वाळवणातली डाळ उलथीपालथी करत होते. लिंबावरचे पक्षी एकदम गप्प झाले, आणि त्या शांततेनेच मला आधी घाबरवले. खालांच्या अंगणात पाण्याने भरलेला लोटा ठेवलेला होता. त्याच्या तोंडाशी वर्तुळे उठताना मी भिंतीवरून पाहिली. दुसऱ्याच क्षणी तो आवाज आला. या वेळी तो थांबला नाही. गडगडत, वाढत, घरांच्या पायांना खांदा लावत आला. कुणाच्या तरी घरात काच फुटली. गल्लीतून "बाहेर या, बाहेर या" असा ओरडा झाला. सगळे रस्त्याकडे धावले. मी खालांकडे धावले.

त्या खुर्चीशेजारी उभ्या होत्या. ती हलकी खुर्ची फरशीवर आपोआप सरकत होती. मला वाटले, त्या थिजल्या आहेत. आता ओढून न्यावे लागेल. पण त्यांनी लिंबाकडे पावले टाकली, मातीच्या पट्टीशी आल्या, तळवा टेकवला, आणि गुडघ्यांवर बसून सरळ खाली गेल्या. मुसल्ला नाही, दिशा पाहणे नाही, काही नाही. कपाळ जमिनीला लागल्याचा आवाज मी त्या गडगडाटातही ऐकला.

मी त्यांचे खांदे धरले. "खाला, उठा! डॉक्टरांनी काय सांगितलंय? डोळा जाईल, खाला!"

मातीतून आल्यासारखा त्यांचा आवाज आला. "राहू दे, सुनंदा. दोन मिंट. आत्ता ती घाबरलीया."

माझे हात तिथेच राहिले. ती कोण, हे मी विचारले नाही. जमीन, नसीम, की त्या स्वतः. त्या क्षणी ती तिन्ही एकाच कपाळाखाली होती. माझ्या तळव्याखाली त्यांची पाठ सशाच्या पोटासारखी धडधडत होती. आवाज हळूहळू ओसरला. पत्र्यांची थरथर थांबली. रस्त्यावर मुले रडत होती, माणसे एकमेकांना हाका मारत होती. आणि माझ्या हाताखाली तो श्वास लांबू लागला, ओढ कमी झालेल्या पाण्यासारखा पसरू लागला; कित्येक आठवड्यांनी खांद्यांची गाठ सुटली. त्यांना तिथून उचलण्याइतके बळ माझ्या हातांत होते. पण त्या पाठीला जे मिळत होते ते मी तिला दुसऱ्या कशाने देणार होते?

खालांनी डोके वर केले तेव्हा कपाळाला माती लागलेली होती. चेहरा शांत होता. मी पूर्वी पाहत असे तितकाच, किंबहुना अधिक. त्यांनी पापण्या एक-दोनदा मिटल्या, उघडल्या.

"उजेड गेला व्हय ग?"

समोरच्या भिंतीवर ऊन होते. लख्ख, पिवळे, स्थिर.

नांदेडला शस्त्रक्रिया झाली. उपयोग झाला नाही. हे वाकण्याने झाले की भीतीने चढलेल्या रक्तदाबाने, हे सांगता येणार नाही, असे त्या तरुण डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाल्या. माणसे आणि भिंती खालांना आता सावल्यांसारख्या दिसत. इमरान दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडला. खाला त्याला समजावत होत्या. आणि आम्हा दोघांना विचित्र वाटेल अशी गोष्ट म्हणजे, त्यांना झोप लागू लागली होती. गाढ, निवांत. रक्तदाब खाली आला होता. ज्या डोळ्यासाठी एवढी शिकस्त केली तो गेला, आणि बाकीचे शरीर जणू एखादा जुना हिशेब मिटल्यासारखे निश्चिंत झाले.

त्यांनी एकट्याने राहणे आता शक्य नव्हते. इमरानने त्यांना विष्णुपुरीकडच्या आपल्या घरी नेले. एका नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. जाताना त्यांनी सामान फारसे घेतले नाही. किल्ली माझ्या हातात दिली आणि चाचपडत माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले.

"आता मुंग्या न्हाईत," म्हणाल्या.

फोन येई. सून जपते, नातवंडे अंगावर लोळतात, खिडकीतून नदीकडचा वारा येतो. आता डॉक्टरांची मनाई नाही, त्यामुळे सजदाही करता येतो. हे सगळे त्या आनंदाने सांगत, आणि मी त्या आनंदाच्या कडेला काय आहे ते ऐकण्याचा प्रयत्न करी. एकदा सूनबाई बाहेर गेलेली असावी, कारण त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "घर लई चांगलं हाय. पर हितं खाली जमीन न्हाई, सुनंदा. दुसऱ्याचं छत हाय. माझं कपाळ कुनाच्या तरी पंख्यावर टेकतंय."

मी हसले. त्याही हसल्या. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिळा ठोकत असल्याचा आवाज फोनमधून स्पष्ट येत होता.

"झोप येते ना, खाला?"

"येती कधी कधी," त्या म्हणाल्या. "सुगी झाल्यावर इमरान आननार हाय मला तिकडं. चार दिस."

सुगी झाली. इमरानला रजा मिळाली नाही, मग सूनबाईच्या माहेरी लग्न निघाले. फोनवरचा आवाज बारीक होत गेला. जेवण कमी झाले आहे, रक्तदाब पुन्हा वर आहे, रात्री उठून चाचपडत फिरतात, असे इमरान सांगे. कधी फरशीवर कान लावून बसतात, काय ऐकता विचारले तर "काय न्हाई, तेच तर" म्हणतात. पुढच्या आठवड्यात आणतोच, तो म्हणाला. मी शाळेतून आल्यावर त्यांच्या घराची दारे-खिडक्या उघडून ठेवल्या, बाज झटकली, लिंबाखालचा पाचोळा काढला.

त्या आठवड्यात त्या आल्या. मध्यान्हीच्या आधी इमरानचा फोन आला होता. तो बोलू शकत नव्हता, म्हणून मला समजले. सकाळची नमाज पढून तिथेच आडव्या झाल्या, आणि उठल्या नाहीत. निलंग्याच्याच मातीत ठेवा, एवढे त्यांनी आधी सांगून ठेवले होते. पांढऱ्या कापडात फक्त चेहरा उघडा होता. बायकांच्या मागे उभी राहून मी त्यांच्या कपाळाकडे पाहिले. तिथली कातडी वर्षानुवर्षांच्या स्पर्शाने किंचित जाड, किंचित काळसर झालेली. पुरुष जनाजा उचलून गेले, आणि बायका घरात राहिल्या, आणि त्यांच्यात मी राहिले.

कब्रस्तानाची भिंत माझ्या शाळेच्या रस्त्यावर आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडल्या तेव्हा त्या ढिगालाही पडल्या. मी जाता-येता पाहते, थांबत नाही. ज्या जमिनीशी त्यांनी आयुष्यभर तह सांभाळला, तिने त्यांना कसे घेतले असेल, हा विचार मनात येतो, आणि मी पावले उचलते.

या वर्षी पाऊस संपता संपता तो आवाज पुन्हा आला. आम्ही शाळेत होतो. सगळ्या वर्गांतली मुले मैदानात काढली, ओळीत उभी केली. पत्रे वाजले आणि थांबले. शेजारच्या वर्गावरच्या बाईंचा हात माझ्या दंडावर होता.

"परत येईल का हो?" त्यांनी विचारले.

"येईल," मी म्हणाले. आणि म्हटल्यावर लक्षात आले, बाई आवाजाबद्दल विचारत होत्या, आणि मी खालांबद्दल उत्तर दिले होते. गेलेली माणसे बहुधा अशीच येतात. कारण न सांगता, पायांखालून, क्षणभर. आणि तेवढा वेळ काळही, मैदानातल्या त्या मुलांसारखा, श्वास धरून ओळीत उभा राहतो.